एक वरचा म्हणजे कुठला?

शीतल, फोन ठेवायची एवढी घाई काय होती तुला?

लोक येतायत, बसतायत, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतायत. मला ते ऐकवत नाही. तू चांगला होतास हे तुझ्या थोरल्या बहिणीला परक्यांनी कशाला सांगायला हवं? रक्षाविसर्जनाला अर्धं उद्यमनगर हजर होतं. कपडे पांढरे, नखं काळी, माना खाली. त्यात कुणीतरी भाषणाच्या सुरात म्हणालं, "शीतलभाऊ म्हंजे लई थंड डोक्याचा माणूस." माझी मान खाली होतीच, ती मी आणखी खाली घातली, कारण मला हसू फुटलं. शेजारी तुझी सुनीता उभी होती. तिचेही खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, आम्ही रडतोय. रडतही होतो, ते काही खोटं नाही.

आव्वानं तीर्थंकराचं नाव म्हणून तुझं नाव शीतल ठेवलं. आपल्या लोकांत घरटी एक शीतल असतो आणि त्यातले बरेचसे नावाला जागतात. तू मात्र पाळण्यात असल्यापासून तापलेला. गॅरेजवर नवीन आलेला पावणा "शीतल कोण?" म्हणून विचारायचा, तेव्हा तुझ्या हाताखालचा अश्पाक म्हणायचा, "जो ओरडतोय तो."

रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मी आपलं स्पेअरपार्टचं दुकान उघडलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. घरात बसलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पण दुकानातही बूड टेकत नाही बघ. डाव्या फळीवरच्या स्पार्क प्लगच्या डब्या काढते, पुसते, परत लावते. मग उजव्या फळीवरच्या काढते. गिऱ्हाईक वायपर मागतं आणि मी त्याच्यापुढे फॅनबेल्ट ठेवते. फोन वाजतो. तुझा नसणार हे माहीत असतं, तरी पदराला हात पुसून धावते.

तू गेलास त्या दुपारी मात्र फोन तुझाच होता. काउंटरवर गर्दी होती. तू नेहमीसारखा हॅलोबिलो काही न म्हणता थेट लेकीच्या गाडीवरून सुरू झालास. "अक्का, सन्मतीच्या गाडीला एक वरचा प्लग काढून ठेव. तीन. अश्पाकला धाडतो."

मी म्हटलं, "वरचा म्हणजे कुठला? थंड म्हण न्हायतर गरम म्हण."

तू हसलास. "तुला कळतंय की," म्हणालास आणि ठेवलास.

मला कळत नाही, शीतल. तेव्हाही कळलं नव्हतं. मी परत फोन लावला नाही, कारण मला राग आला होता. म्हटलं, अश्पाकला हात हलवत परत धाडते, मग झक मारत स्वतः येईल. अश्पाक गॅरेजमधून निघालाच नाही. तू तिथल्या बाकावर बसलास तो बसलासच, परत उठला नाहीस.

तुला दुसरा कुठला शब्द मिळाला नाही का रे? "वरचा" हा शब्द आपल्या दुकानात बंद आहे, आणि तो कुणामुळे बंद झाला हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे.

ती हातकणंगल्याच्या पोल्ट्रीवाल्याची पांढरी गाडी. टर्बोच्या गाड्या तेव्हा नुकत्या आपल्याकडे यायला लागल्या होत्या आणि तुझ्या अंगात आलं होतं. दिसेल त्याला उभा करून तू शिकवायचास. "पावणं, टर्बो म्हंजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, मग आत जाळ बी जास्त. आता मला सांगा, त्या जाळात प्लग कसा पायजे? थंड! थंड म्हंजे ठिणगी थंड न्हवं. ठिणगी तीच. मातीचं गाडगं ऊब धरून बसतंय आणि जर्मनचं पातेलं लगेच सोडतंय, तसं हाय ते. गरम प्लग म्हंजे गाडगं. थंड प्लग म्हंजे पातेलं. टर्बोला पातेलं पायजे, न्हायतर प्लगचं टोकच निखारा हुतंय आणि ठिणगीच्या आधीच आत पेटतंय. मग पिस्टनला भोक!" पावण्याला फक्त ऑइल बदलायचं असायचं. पण तो ऐकून घ्यायचा, कारण किल्ली तुझ्या खिशात असायची.

तर हवा आणखी कोंबून पोल्ट्रीवाल्याच्या गाडीचा दम तू वाढवलास आणि मला निरोप धाडलास, "एक वरचा दे." डाव्या फळीवरच्या कंपनीचे प्लग त्या दिवशी संपले होते. मी उजव्या फळीवरचे, मागितल्याप्रमाणे एक नंबर वरचे दिले. आता डाव्या कंपनीचा आकडा वर गेला की प्लग थंड होतो आणि उजव्या कंपनीचा आकडा वर गेला की गरम होतो. हे असं उलटसुलट कुणी करून ठेवलं देव जाणे, पण ते तसं आहे. जोतिबाच्या चढावर तू गाडी दामटलीस आणि अर्ध्या वाटेत इंजिन बसलं.

दुसऱ्या दिवशी तो भोक पडलेला पिस्टन तू माझ्या काउंटरच्या काचेवर आपटलास. काच तडकली.

"तू दिलंस!"

"तू मागितलंस!"

"मी वरचा म्हटलो, म्हंजे थंड!"

"उजव्या फळीचा वरचा गरम असतोय. डबीवर लिहिलंय. वाचता येत न्हाय काय तुला?"

पोल्ट्रीवाला मधे उभा होता बिचारा. म्हणाला, "दोघंबी बरोबर हायसा. चुकलं ते माझं इंजिन." त्याचं इंजिन तू पदरमोड करून बांधून दिलंस, पण चूक कबूल केली नाहीस. मीही केली नाही. का करू? जे मागितलं ते दिलं होतं. त्या दिवसापासून दुकानात पाटी लागली, "प्लग मागताना थंड की गरम ते सांगावे. वरचा-खालचा म्हणू नये." सगळे मेकॅनिक ती पाटी पाळतात. तूही बाकी सगळ्यांशी पाळायचास. माझ्याशी बोलताना मात्र मुद्दाम "वरचा" म्हणायचास, मी तडकावं म्हणून. मी तडकायचे. मग तू थंड की गरम ते सांगायचास. हा आपला रोजचा खेळ होता आणि या वेळी तू तो अर्ध्यावर टाकून गेलास.

आपण भांडलो नाही असा आठवडा मला आठवत नाही. अबोला धरलास तरी प्लग दुसऱ्या दुकानातून कधी आणला नाहीस. अश्पाक यायचा. "उस्तादनं विचारलंय, त्यांच्या बहिणीकडं गॅस्केट हाय का." मी सांगायचे, "त्यांच्या भावाला सांग, हाय." अश्पाकचे दात दिसायचे.

आणि हेही आज सांगून टाकते. अप्पा गेले तेव्हा सगळे चुलते दुकान विकायला निघाले होते. बाईमाणूस शॉकअॅब्सॉर्बर विकणार काय, असं तोंडावर म्हणाले मला. तू तेव्हा मिसरूड फुटलेला. ग्रीसचे हात तसेच घेऊन बैठकीत घुसलास. "अक्का बसणार काउंटरवर. कुणाला अडचण हाय?" कुणाला अडचण होती की. पण तुझा अवतार बघून कुणी बोललं नाही. मी त्यासाठी तुला कधी चांगला शब्द दिला नाही. दिला असता तर तू तो महिनाभर डोक्यावर घेऊन नाचला असतास. तरीही द्यायला हवा होता. मी या काउंटरमागे ताठ मानेनं उभी आहे ती तुझ्यामुळे.

आता सन्मतीच्या गाडीचं काय करू, ते सांग.

गाडी खरी तुझी. कंपनीनं दिली त्यापेक्षा दम वाढवलेला, प्लग कंपनीच्यापेक्षा एक पायरी थंड, प्लगच्या टोकाचा गॅप बारीक. कोंबलेल्या हवेत ठिणगी विझू नये म्हणून गॅप कमी ठेवायचा, हे तर आता मलाही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. जोतिबाचा चढ तुझं परीक्षा केंद्र. वर जायचास, देवळाकडे न बघता गाडी वळवायचास आणि खाली यायचास. तिथला एक नारळवाला तुला ओरडून म्हणायचा, "पावणं, आज तरी दर्शन घ्या की!" तू खिडकीतून हात जोडायचास. टायरला गुलाल लागलेली ती गाडी दुकानासमोर उभी करून तू मला बॉनेट उघडायला लावायचास आणि प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवायचास. "ट्यूबलाइटखाली बघू नको. उन्हात बघ." मी उन्हात बघायचे. टोक पांढरं पडलं तर प्लग तापतोय, काळी काजळी धरली तर पुरेसा तापत नाही, आणि फिकट कॉफीचा रंग आला की तुझा चेहरा फुलायचा.

मग सन्मतीला बिद्रीला नोकरी लागली. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. तिनं तिथंच खोली घेतली आणि तू लाडात येऊन तिला स्वतःची गाडी देऊन टाकलीस. तिथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं, गाडी परत कंपनीसारखी कर. दम उतरव आणि प्लग कंपनीचा लाव. पोरगी खोलीतून निघणार, पाच मिनिटांत लॅबवर पोचणार. इंजिन तापायच्या आत बंद. थंड प्लग तापलाच नाही तर काजळी जळणार कशी? चार दिवसांत मिस मारायला लागेल. आणि उजव्या फळीवरचे टिकाऊ इरिडियमचे लाव. ती काय दर महिन्याला प्लग खोलून बघत बसणार आहे का?

तू म्हणालास, "माझी पोरगी हाय ती. तिला मेंगळट गाडी देऊ?"

मी म्हटलं, "गाडी बघून प्लग निवडतोस. जरा चालवणारी बघून निवड."

"चालवणारी बघूनच सांगतोय, अक्का. शनिवारी ती घरला येणार. रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या. मागनं ओव्हरटेक करताना समोरनं एसटी आली की गाडीनं सुटाय पायजे. ताकद पळवायला न्हाय ग, सुटायला लागती."

तुझं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. जेवताना तेच, चहाला तेच. सुनीतानं एकदा भाकरी थापता थापता हात जोडले. "जेवताना तरी इंजिन बंद करा दोघंबी."

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दुकानात आलास. भांडला नाहीस. इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात होते. तू स्टुलावर बसलास, चहा प्यालास, उजव्या फळीवरची इरिडियमची डबी हातात घेऊन उलटसुलट बघितलीस. मग विचारलंस, "तिची खोली कारखान्यापासनं किती लांब म्हणालीस?" मी सांगितलं. तू "हं" म्हणालास आणि डबी जागेवर ठेवलीस.

ते "हं" कसलं होतं, शीतल?

उजव्या फळीचा एक वरचा म्हणजे आहे त्याहून एक पायरी गरम. म्हणजे कंपनीचा. म्हणजे तुला माझं पटलं होतं. डाव्या फळीचा एक वरचा म्हणजे आहे त्याहून थंड. म्हणजे तू दम आणखी वाढवणार होतास आणि मला अंगठा दाखवणार होतास. शब्द एकच. हसणंही तुझं एकच, जिंकलास तरी तेच आणि हरलास तरी तेच. मी गेले कित्येक दिवस त्या हसण्याचा आवाज आठवून बघतेय. भाजी चिरताना आठवते, आंघोळ करताना आठवते. कधी वाटतं, पटलं होतं. कधी वाटतं, छे, हा आणि ऐकणार?

गॅरेजवर गेले. गाडीचं बॉनेट उघडंच होतं. प्लगच्या तिन्ही भोकांत तू स्वच्छ फडकं कोंबून ठेवलेलं, आत कचरा पडू नये म्हणून. काढलेले प्लग पेपरावर ओळीनं मांडलेले. मी ते ओट्यावर नेऊन उन्हात बघितले. दोन कॉफी रंगाचे, एकाला किंचित काजळी. त्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. अश्पाकला विचारलं, "उस्ताद काय म्हणाला होता?"

"फोनवर नुसतं वरचा म्हणाले, आणि मला एवढंच, की जाऊन प्लग आण. लॅपटॉप उघडून बसलेले. फाइल कंची, ते बघितलं न्हाय मी." मग म्हणाला, "दोन्ही फाइली हायत आपल्याकडं, अक्का. कंपनीच्या दमाची बी आणि उस्तादनं वाढवलेल्या दमाची बी. तुम्ही प्लग द्या, त्या हिशोबानं मी टाकतो. पण प्लग एकीकडचा आणि फाइल एकीकडची, असं मातूर मी करणार न्हाय."

बरोबरच होतं त्याचं. निवडायचं ते धड निवडायला हवं होतं. इकडे सुनीता सारखी म्हणत होती, "त्यांनी केलीया तशीच राहू दे गाडी. हात लावू नका." तिच्यासाठी ती गाडी म्हणजे तू. दुपारी गॅरेजमध्ये जाऊन तुझ्या सीटवर बसायची. सीट मागेपुढेसुद्धा करू द्यायची नाही कुणाला. तिला मी काय सांगणार होते? की मला अंदाज आहे? की बाई, तुझ्या नवऱ्याची शेवटची गाडी मी अंदाजानं सोडवणार आहे?

आणि सन्मतीची रजा संपली.

ती काल दुपारी गॅरेजवर आली, मागून सुनीता. तुझ्या लेकीचे डोळे सुजलेले, पण बोलणं तुझ्यासारखंच तोडून. "आत्ती, मी उद्या सकाळी जातो बिद्रीला. गाडी हुतीया का न्हाय ते सांग. न्हायतर एसटीनं जातो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा काय म्हणालेले? त्यांनी तुला फोन केलता न्हवं?"

सुनीता दारातच थांबली. अश्पाकनं हातातला पाना खाली ठेवला.

माझ्या एका पिशवीत डाव्या फळीचे तीन होते आणि दुसऱ्या पिशवीत उजव्या फळीचे तीन. सकाळपासून दोन्ही घेऊन फिरत होते. मी सन्मतीकडे बघितलं. ही एकटी असणार. पहाटेच्या पाळीला गाडी खोकत बंद पडली तर हिला फोन करायला आता तू नाहीस. ट्रॉलीच्या मागे ही चार मिनिटं थांबेल. ते मी तिला सांगू शकते, तिच्याकडून वदवून घेऊ शकते. काजळी धरलेल्या प्लगला मी काही सांगू शकत नाही.

मी उजव्या फळीची पिशवी उघडली. म्हटलं, "कंपनीचा लावायला सांगितलाय. गरम. इरिडियमचा. म्हणाला, पोरीची खोली जवळ हाय, थंड प्लग धरायचा न्हाय. दम बी उतरवायला सांगितलाय."

"खरंच?" सुनीता म्हणाली. "ते असं म्हणाले? स्वतःच्या तोंडानं?"

आणि मग मी कुठल्या कुठे गेले, शीतल. मला थांबता आलं नाही. म्हटलं, "व्हय. म्हणाला, अक्का, तुझंच खरं."

सुनीता तिथल्या बाकावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडली. रडता रडता हसलीही. "ऐकलं म्हणायचं की एकदा तरी बहिणीचं." सन्मतीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अश्पाकनं माझ्याकडे एकदा बघितलं. तुझं फोनवरचं सगळं बोलणं जेमतेम चार वाक्यांचं होतं आणि त्यात यातलं काही नव्हतं, हे त्याला ठाऊक आहे. तू तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतास. मग त्यानं माझ्याकडून प्लग घेतले. प्लगचं नाजूक टोक दुखवू नये म्हणून गॅप नुसता उजेडात धरून बघितला, एकेक प्लग हातानं आटे धरेपर्यंत फिरवला, मग टॉर्कच्या पान्यानं बेतानं आवळला. कंपनीची फाइल टाकली. किल्ली सन्मतीला फिरवायला लावली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गुरगुर नाही, धक्के नाहीत. बाजूला उभं राहिलं तर चालू आहे की बंद ते कळेना. तुझ्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाला ओळखू यायचा. हा कुणाच्याही गाडीचा आवाज होता. सुनीतानं जरा वेळ कान देऊन ऐकलं आणि ती आत निघून गेली.

आज सकाळी सन्मती गेली. मी तिला ट्रॉलीच्या मागे थांबायची शपथ घातली. पोचल्यावर तिचा फोन आला, "आत्ती, गाडी मस्त चालली." मी दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालत होते, तो फोन घेतला आणि परत घालायला लागले. आयुष्यभर मला तुझ्या तोंडून ते तीन शब्द ऐकायचे होते. ते आता अख्ख्या घरात, गॅरेजात, बाजारात पसरलेत. सुनीता येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतेय. लोक मला सांगतायत, अक्का, भाऊ शेवटी तुमच्या शब्दाबाहेर गेला नाही. मी मान डोलावते. असलं जिंकणं मला नको आहे, शीतल. तुझ्याशी भांडून हरले असते तरी चाललं असतं.

सगळ्यांना खोटं सांगून बसलेय. आता मला खोटी पाडायला तरी ये.